चतुर्थासनमीमांसा
(टिटवाळा येथील नियोजित विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाविषयी प्राथमिक विवेचन)

विद्यापीठात काय शिकवावे, या प्रश्नाआधी ते कोठे असावे, हा प्रश्न सुटला पाहिजे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याच्या आवारातील राजाबाई टॉवर पूर्ण झाला १८७८ साली. म्हणजे पहिली एकवीस वर्षे त्या विद्यापीठाने डोक्यावर घड्याळ नसताना कारभार केला. टिटवाळ्यास ही अडचण संभवत नाही. येथे फलाटावर इंडिकेटर आहे.

स्थाननिश्चितीचे दुसरे प्रमाण अधिक बळकट आहे. टिटवाळ्याचे दैवत महागणपती. तो चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून टिटवाळ्याचे रेल्वेने अंतर सुमारे ६४ किलोमीटर आहे. एका कलेस एक किलोमीटर, हा हिशेब इतका स्वच्छ आहे की त्यावर भाष्याची गरज नाही. तथापि पूर्वपक्ष असा मांडला जातो की, रूळ पडले तेव्हा अंतर मैलांत मोजत. आणि चाळीस मैलांचा चौसष्ट कलांशी कोणताही संबंध दाखवता येत नाही. या आक्षेपाचे निराकरण सांख्यांच्या सत्कार्यवादाने होते. कार्य हे उत्पत्तीपूर्वीच कारणात अव्यक्त रूपाने असते. चाळीस मैलांत चौसष्ट किलोमीटर पहिल्यापासूनच होते; १९५६ च्या वजने-मापे कायद्याने ते फक्त व्यक्त झाले.

राहता राहिला अभ्यासविषयांच्या क्षुल्लकतेचा आक्षेप. असा आक्षेप घेणाऱ्यांनी वात्स्यायनाची चौसष्ट कलांची यादी एकवार डोळ्यांखालून घालावी. तीत पोपट आणि मैनेस बोलावयास शिकवणे आहे, एडके, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजी लावणे आहे, उच्चारावयास अवघड शब्दांची योजना आहे. परदेशांतही ही परंपरा खंडित झालेली नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९६१ पासून ‘हॅम्बर्गर युनिव्हर्सिटी’ चालू आहे, ती मॅकडोनाल्ड्सची. इंग्लंडात प्लिमथच्या विद्यापीठाने १९९९ साली लाटांवर फळी घेऊन उभे राहण्याच्या विद्येत पदवी सुरू केली. हार्वर्डच्या व्यवसाय-प्रशालेने तर २०१० साली मुंबईच्या डबेवाल्यांवर प्रकरण-अभ्यास प्रसिद्ध केला. डबा अशा रीतीने जागतिक विद्वत्तेच्या कक्षेत आला. तोच डबा मांडीवर घेऊन बाकाच्या टोकावर जो बसला आहे, तो अद्याप बाहेर राहिला आहे. ही उणीव भरून काढणे हे प्रस्तुत विद्यापीठाचे आद्य कर्तव्य होय, आणि म्हणून त्याची मध्यवर्ती विद्याशाखा चतुर्थासनशास्त्र, व्यवहारात ज्यास ‘फोर्थ सीट’ म्हणतात, हीच राहील.

प्रथम लक्षण. त्रिजनयोग्य बाकावरील तृतीय उपविष्टाच्या बाह्य मांडीने अवच्छिन्न असा जो बाकशेष, त्यावर अर्ध्याहून न्यून बैठकीने अधिष्ठित असून उरलेल्या भागाने मार्गिकेत निराधार असणे, म्हणजे चतुर्थासन.

नैयायिक परंपरेनुसार कोणतेही लक्षण अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव या तीन दोषांपासून मुक्त असावे लागते. गाईचे लक्षण शिंगे हे केले तर म्हैस आत शिरते. म्हणून शास्त्रकार गळ्याखालची पोळी हे लक्षण करतात. त्याच न्यायाने आमच्या लक्षणावर अतिव्याप्तीचा दोष येतो. पाय पसरून बसलेल्या दोघांच्या शेजारचा तिसरा इसमही अनेकदा मार्गिकेत निराधार असतो. तो चतुर्थ नव्हे, केवळ दुर्दैवी तृतीय होय. तसाच अव्याप्तीचाही दोष येतो, कारण अकरावीतला कृश विद्यार्थी चौथा असूनही पुरता मावतो. या दोन्ही दोषांचे निरसन करण्यासाठी लक्षणातून श्रोणिविचार काढून टाकून त्याजागी ‘सरकण्याच्या याचनेने प्राप्त’ हे विशेषण घालावे, असे आमचे मत आहे. जो सरकायला सांगून बसला तो चौथा, मग तो कितीही मावो.

क्षेत्रीय निरीक्षणे अशी. सकाळच्या टिटवाळा लोकलमध्ये खिडक्या टिटवाळ्यालाच जातात. मधल्या आणि तिसऱ्या जागाही बहुधा तेथेच संपतात. चतुर्थासनाचा उदय आंबिवलीस होतो, शहाडास ते पूर्णत्वास येते, आणि कल्याणास त्याची केवळ वार्ता उरते. एका अधिकारी पुरुषाचे आसन आम्ही शहाडपासून घाटकोपरपर्यंत नोंदले. उजवा पाय बाकाखाली, तेथे अगोदरच असलेल्या एका जेवणाच्या पिशवीस न दुखावता वळवलेला. डावा पाय मार्गिकेत, टाच उचललेली, जेणेकरून कोणी येताच गुडघा बाहेरून आत फिरवता यावा. सॅक मांडीवर उभी, तिच्यावर हनुवटी. डोंबिवलीस गर्दी आत आली तेव्हा त्यांनी गुडघा अकरा वेळा फिरवला आणि डोळे एकदाही उघडले नाहीत. सिग्नलला ब्रेक लागला तेव्हा ते बाकावरून चार बोटे घसरले, आणि गाडी सुटताच त्याच धक्क्याने चार बोटे परत आले. मुलुंडच्या सुमारास त्यांच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात, कारण त्यांनी बुटातल्या बुटात अंगठा हलवला. चेहऱ्यावर विकार नव्हता.

ही अवस्था काय आहे? जागृती म्हणावी तर डोळे मिटलेले. स्वप्न म्हणावे तर गुडघा सावध. सुषुप्ती म्हणावी तर दादरचे भान आहे. मांडूक्योपनिषद या तिन्हींपलीकडील अवस्थेस ‘तुरीय’, म्हणजे चौथी, असे नाव देते. त्या उपनिषदात मंत्र १२ आहेत; टिटवाळा लोकलला डबे १२ असतात. शिवाय टिटवाळ्याचा महापर्वकाळ म्हणजे अंगारकी, तीही चतुर्थीच. यापुढे चौथेपणाचा टिटवाळ्याशी असलेला संबंध योगायोग म्हणून उडवून लावणाऱ्याने आपला पक्ष सप्रमाण मांडावा.

चतुर्थासनाची प्राप्ती याचनेने होते, हे वर आलेच. याचना चार प्रकारची : (१) वाचिक, म्हणजे ‘जरा सरकता का?’ किंवा ‘दादा, थोडं आत’. (२) नेत्रज, ज्यात याचक बोलत नाही, फक्त बाकाच्या रिकाम्या वितीकडे पाहतो, मग तृतीयाकडे पाहतो, मग पुन्हा वितीकडे. (३) स्पार्शिक, सॅकचा कोपरा दात्याच्या खांद्यास लागेल न लागेल इतपत. आणि (४) सिद्ध, ज्यात याचनेचा उच्चारच होत नाही, माणूस सरळ बसतो आणि जागा नंतर निर्माण होते. चौथ्या प्रकारास काही जाणकार याचना मानीत नाहीत, आक्रमण मानतात. आमच्या मते तो निव्वळ आत्मविश्वास आहे.

याचनेहून कितीतरी सूक्ष्म विषय दानाचा. न्यायदर्शनात हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला जो, त्यास हेत्वाभास म्हणतात. त्याच धर्तीवर आम्ही ‘सरकाभास’ ही संज्ञा प्रस्तावित करतो : सरकण्यासारखी दिसणारी, परंतु सरकणे नसलेली क्रिया. तिचे भेद नोंदवू. ‘उत्थानाभास’ यात दाता बाकावरून दोन अंगुळे वर उठतो आणि तेथेच परत बसतो. ‘श्वासाभास’ यात दाता केवळ पोट आत घेतो, आणि आंबिवलीस घेतलेले पोट ठाकुर्लीपर्यंत परत येते. ‘पिशव्याभास’ यात दाता जागचा हलत नाही, परंतु पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतो आणि याचकाकडे पाहून मान हलवतो, जणू काही आता झाले. ‘परंपरितसरकाभास’ हा सर्वांत दुर्गम. तृतीय द्वितीयास कोपराने खुणावतो, द्वितीय खिडकीकडे पाहतो, खिडकीवाला खिडकीबाहेर पाहतो. बाहेर खाडी असते. येथे प्रत्येकाने आपले कर्तव्य पुढे पोहोचवलेले असल्याने दोष कोणावरही ठेवता येत नाही.

आता या शास्त्रातील सर्वांत वादग्रस्त प्रश्नाकडे वळू. बाकावरील एक आसनस्थ उठला असता रिक्त जागेवर अधिकार कोणाचा?

हा दायाचा, म्हणजे वारशाचा प्रश्न आहे, आणि धर्मशास्त्राने तो कधीच सोडवून ठेवला आहे. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेनुसार वडिलार्जित संपत्तीत पुत्राचा हक्क जन्मतःच निर्माण होतो. जीमूतवाहनाच्या दायभागानुसार तो पूर्वस्वामी निवर्तल्यावरच होतो. मिताक्षरा बहुतेक भारतात चालली, दायभाग बंगालात. लोकलमध्ये मात्र दोन्ही संप्रदाय एकाच गाडीत, अवघ्या काही डब्यांच्या अंतरावर नांदतात, ही गोष्ट आजवर न्यायशास्त्राच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

महिलांचा डबा हा निरपवाद मिताक्षरामार्गी आहे. तेथे हक्क चढतानाच उत्पन्न होतो. नव्याने आलेली स्त्री दारातून आत येताच बसलेल्यांपैकी प्रत्येकीस पृच्छा करते, ‘कुठे उतरणार?’ उत्तर येते, ‘ठाणे’, आणि ती म्हणते, ‘मग मी बसते हां.’ या क्षणी ठाण्याच्या जागेत तिचा अंश निर्माण झाला. ‘ही सीट मी सांगून ठेवलीय’ हे वाक्य या संप्रदायात नोंदणीकृत दस्तऐवजाच्या तोलाचे मानले जाते. एकाच जागेवर एकापाठोपाठ एक असे अनेक अंश निर्माण होऊ शकतात : ठाण्याच्या जागेवर जी बसेल ती कुर्ल्याला उतरणार, म्हणून कुर्ल्यानंतरची मालकी आधीच तिसरीकडे गेलेली असते. अजून बसलीच नाही अशा स्त्रीच्या उठण्याचा वारसा येथे ठरतो. विज्ञानेश्वराला गर्भस्थ पुत्राचा विचार करावा लागला होता. येथील विचार त्याच्याही एक पिढी पुढे गेलेला आहे.

पुरुषांचा डबा दायभागी. तेथे पूर्वस्वामी उठेपर्यंत कोणाचाच हक्क नाही. तो उठला रे उठला की हक्काचा उदय, विवाद आणि निर्णय हे तिन्ही साधारण एका श्वासात आटोपतात. या संप्रदायातही दोन मते आहेत. क्रमोन्नतिवादी म्हणतात की तृतीय उठला तर चतुर्थाने तृतीय व्हावे आणि उभ्या व्यक्तीने चतुर्थ. सान्निध्यवादी म्हणतात की उठणाऱ्याच्या गुडघ्यासमोर जो उभा होता त्याचा प्रथमाधिकार, कारण त्याने कल्याणपासून त्या गुडघ्यांचा सहवास सोसला आहे. आमचा कल क्रमोन्नतीकडे आहे. सान्निध्यवाद मान्य केल्यास चतुर्थास आजन्म चतुर्थच राहावे लागेल, आणि तुरीयावस्था ही ऐच्छिक असावी, सक्तीची नसावी, असे आम्हांस वाटते.

रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या या शाखेत समाविष्ट करावी अशी सूचना आहे. ती सविनय फेटाळावी लागते. रुमाल हा एसटीच्या परंपरेतला, म्हणजे १९४८ नंतरचा आणि खिडकीतून हात आत जाऊ शकणाऱ्या वाहनाचा. लोकलच्या खिडकीस गज असतात. त्या विद्येचे पीठ कल्याणच्या एसटी आगारात वेगळे स्थापावे.

द्वितीय विद्याशाखा विलोमगमनाची. आंबिवलीचा किंवा शहाडचा निवासी सकाळी मुंबईस जाण्यासाठी प्रथम मुंबईच्या उलट दिशेस, टिटवाळ्याकडे जातो. तेथे गाडी रिकामी होते, हा उतरत नाही, आणि तीच गाडी त्यास खिडकीसह परत नेते. लोकभाषेत यास ‘रिटर्न मारणे’ म्हणतात. गंतव्यापासून दूर जाणे हाच गंतव्याचा मार्ग, हे तत्त्व निवृत्तिमार्गाच्या ग्रंथांत विपुल आढळते, पण त्यासाठी टिटवाळ्यापासूनचा पास काढावा लागतो ही अट फक्त येथेच आहे. या शाखेचे शुल्क म्हणजे दोन पासांतील फरक. त्याहून अधिक आकारू नये. विलोमगमन सिद्ध झालेला साधक आपल्याच स्टेशनवरून सकाळी दोनदा जातो. दुसऱ्यांदा तो खिडकीत बसलेला असतो आणि फलाटावर त्याचाच शेजारी उभा असतो. त्या वेळी काय मुद्रा धारण करावी, याचे स्वतंत्र प्रात्यक्षिक ठेवलेले आहे.

तृतीय शाखेस, विस्मरणशास्त्रास, टिटवाळ्याखेरीज दुसरे स्थान मिळणेच अशक्य. काळू नदीच्या परिसरात कण्वमुनींचा आश्रम होता आणि दुष्यंताने विस्मरलेल्या शकुंतलेने येथेच गणेशाची आराधना केली, अशी स्थानिक श्रद्धा आहे; म्हणूनच या गणपतीस विवाहविनायक म्हणतात. शाकुंतलाच्या कथानकात विस्मरणाचे दोन भिन्न प्रकार एकत्र आले आहेत, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दुष्यंत व्यक्ती विसरला. शकुंतलेच्या बोटातून वस्तू गळाली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पहिल्या प्रकाराला पदे मिळाली. दुसऱ्या प्रकाराची उपेक्षाच झाली.

दुसऱ्या प्रकाराचे आधुनिक क्षेत्र म्हणजे खिडकीवरची फळी. तिच्यावर ठेवलेली छत्री उतरताना आठवत नाही. ती आठवते फलाटावर, पहिला थेंब पडल्यावर, म्हणजे अभिज्ञान होते परंतु ज्याचे अभिज्ञान ती वस्तू खोपोलीकडे गेलेली असते. अंगठीस निदान मासा आणि कोळी लाभले. काळी छत्री सर्व काळ्या छत्र्यांसारखीच असल्याने ती सापडली तरी आपली म्हणून ओळखता येत नाही, आणि जी आपली म्हणून घरी आणली जाते ती बहुधा नसते. ‘अभिज्ञानछत्रिका’ या नावाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम योजला आहे. प्रवेश जूनमध्ये.

चतुर्थ शाखा निद्रेची. ती संक्षेपाने सांगू. परतीच्या प्रवासातील निद्रा द्विविध, सान्त आणि अनवस्थित. इंडिकेटरवर ‘टीएल’ पाहून चढलेल्याची निद्रा सान्त होय, कारण गाडीच टिटवाळ्यास संपते आणि डबा रिकामा झाल्याच्या शांततेने जाग येते. ‘एन’, म्हणजे कसारा, पाहून चढलेल्याची निद्रा अनवस्थित. तो खडवलीस जागा झाला तर पुण्यवान. वासिंदला झाला तर घरी फोन करतो. त्यापुढच्यांसाठी आसनगाव येथे उपकेंद्र असावे.

मेथी निवडणे, मटार सोलणे आणि गवारीच्या शिरा काढणे यांचा एकत्रित ‘चलशाकशास्त्र’ अभ्यासक्रम महिलांच्या डब्यात पूर्वीपासून अनौपचारिक रीतीने चालू आहे. त्यात विद्यापीठाने ढवळाढवळ करू नये. शेंगा पिशवीत, दाणे स्टीलच्या डब्यात, आणि डब्याचे झाकण कल्याण येताच लागते. विद्यापीठांच्या निकालांना अशी वेळ पाळता आलेली आम्ही पाहिलेली नाही.

प्रशासकीय बाबी अल्प आहेत. इमारत नको. बारा डबे हेच बारा विभाग. मालडब्यात ग्रंथालय ठेवता येईल, आणि ते अपुरे पडल्यास कल्याणात १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहेच. अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा अंगारकीस घ्यावी, त्या दिवशी परिस्थिती सर्वांना समान प्रतिकूल असते. बाह्य परीक्षक विरारचा असावा. त्याच्या अधिकाराविषयी कोणाच्याही मनात शंका येणार नाही. पदवीदान दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कारण डब्याला झेंडूच्या माळा त्या दिवशी प्रवासी स्वतःच्या खर्चाने बांधतात आणि पूजाही होते, त्यामुळे सभामंडपाचा खर्च वाचतो. पेढे तेच.

कुलगुरूंच्या आसनाविषयी परिनियमात दीर्घकाळ पोकळी होती. तिचा मसुदा आता पुढीलप्रमाणे सिद्ध झाला आहे : कुलगुरूंना स्वतंत्र खुर्ची नसेल. तिन्ही ज्येष्ठ अधिष्ठाते बाकावर बसलेले असतील. कुलगुरूंनी आंबिवलीस यावे, त्यांच्यासमोर उभे राहावे, आणि वाचिक प्रकाराने विनंती करावी. अधिष्ठाते सरकतील. त्यांनी उत्थानाभास, श्वासाभास अथवा पिशव्याभास केल्यास तो शिस्तभंग समजावा. परंपरितसरकाभास केल्यास चौकशी समिती नेमावी, आणि तिची बैठक पूर्ण होईपर्यंत कुलगुरूंनी वरची कडी धरून ठेवावी.